धार लावण्याच्या जिगमधला प्ले: कोणता काढायचा आणि कोणता राहू द्यायचा

पिंपरी-चिंचवड परिसरात हॉटेलांच्या आणि केटरिंगवाल्यांच्या सुऱ्यांना धार लावून देणाऱ्या एका गृहस्थांचा जिग, म्हणजे सुरी आणि दगड ठरावीक कोनात धरून ठेवणारे साधन, हा या प्रकरणाचा विषय आहे. जिग नेहमीच्या मार्गदर्शक सळईच्या जातीचा आहे. सुरीची पाठ एका क्लॅम्पच्या दोन जबड्यांत धरली जाते आणि धार वापरणाऱ्याकडे तोंड करून आडवी राहते. पाठीमागे एक उभा खांब असून त्यावर वरखाली सरकणारी पकड आणि पकडीत बॉल जॉइंट (सगळ्या दिशांना फिरणारा गोल सांधा) आहे. बॉलच्या भोकातून आठ मिमीची सळई आरपार जाते व तिच्यावर दगड बसवलेला असतो. पकड वर नेली की धारेचा कोन वाढतो, खाली आणली की कमी होतो. एक बाजू झाली की क्लॅम्प आपल्या अक्षाभोवती १८० अंशांत उलटवून दुसरी बाजू घासायची, अशी ही रचना आहे.

तक्रारी तीन होत्या. जाड कणांच्या दगडाने उतार, म्हणजे धारेलगतचा घासलेला तिरपा पट्टा, व्यवस्थित पडतो, पण बारीक दगड धारेच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि उताराच्या वरच्या कडेलाच चमक येते, ही पहिली. एका बाजूचा उतार रुंद व दुसऱ्या बाजूचा अरुंद येतो, आणि तोही प्रत्येक सुरीला वेगळ्या प्रमाणात, ही दुसरी. घासताना सळई बॉलमध्ये टकटक वाजते आणि क्लॅम्पही हाताला हलल्यासारखा लागतो, ही तिसरी. या तिन्हींचे मूळ बॉल जॉइंटमध्ये आहे अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि तो काढून टाकून त्या जागी बाहेरून मागवलेले महागडे रॉड-एंड बेअरिंग बसवण्याची त्यांची तयारी झाली होती. आवाज तिथूनच येत असल्यामुळे ही समजूत स्वाभाविक होती. मात्र आवाज कुठून येतो आणि कोन कुठे बिघडतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पुढची सगळी तपासणी या दोन प्रश्नांना वेगळे ठेवूनच केली.

किती कोन चुकला तर बिघडते?

मोजमापाला हात घालण्यापूर्वी सहनमर्यादा ठरवणे आवश्यक होते, कारण शून्य प्ले असलेला, म्हणजे भागाभागांत जराही ढिलाई नसलेला, जिग चालतच नाही. सळईला सरकायला आणि बॉलला फिरायला थोडी मोकळीक लागतेच. नमुना म्हणून घेतलेली सुरी शेफच्या नेहमीच्या वापरातली होती. तिची उंची ४८ मिमी, पाठीशी जाडी अडीच मिमी आणि धारेच्या लगेच मागे जाडी सुमारे ०.४ मिमी होती. दर बाजूस १८ अंशांचा कोन धरला, तर उताराची रुंदी ०.६५ मिमीच्या आसपास येते. आता जाड दगड १८ अंशांवर चालला आणि बारीक दगड अर्ध्या अंशाने कमी कोनावर चालला, तर या रुंदीत दोन्ही पृष्ठांमध्ये साडेपाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) फरक पडतो. जपानी मानकानुसार ३००० ग्रिटच्या (ग्रिट हा दगडाच्या बारीकपणाचा आकडा) कणांचा सरासरी आकार चार मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे हा फरक भरून काढण्यासाठी त्या दगडाला स्वतःच्या कणाहून जास्त खोल धातू सगळ्या उतारभर काढावा लागेल. ते काम त्या दगडाचे नाही. तो वरच्या कडेला घासत राहतो आणि धार आहे तशीच राहते. पहिल्या तक्रारीचा उलगडा इथेच होतो. तीच चूक एक दशांश अंशाची असेल तर फरक एक मायक्रॉनच्या थोडासा वर जातो, आणि तेवढे बारीक दगड पाच-दहा फेऱ्यांत सहज सांभाळून घेतो.

यावरून एका दगडाकडून दुसऱ्या दगडाकडे जाताना कोनात ०.१ ते ०.२ अंशांपेक्षा जास्त फरक पडू नये, एवढे उद्दिष्ट ठरवले. खरे तर कांदा-टोमॅटो चिरणाऱ्या सुरीला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, आणि नुसत्या हाताने दगडावर धार लावणारा सराईत माणूस याहून बराच जास्त कोन हलवत असूनही उत्तम धार लावतो. पण त्याचा हात चूक झाल्याबरोबर सावरून घेतो. जिगला ती सोय नाही, तो केलेली चूक इमानेइतबारे पुन्हा पुन्हा करतो.

प्लेची किंमत जागेवर ठरते

या जिगमध्ये खांबाच्या अक्षापासून धारेपर्यंतचे आडवे अंतर १६० मिमी होते, आणि १८ अंशांसाठी बॉलचे केंद्र पात्याच्या पातळीपासून ५२ मिमी वर येत होते. सरळ धारेपुरते बोलायचे, तर कोन फक्त दोन गोष्टींवर ठरतो: धारेची रेषा आणि बॉलचे केंद्र. एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू मिळून एकच प्रतल ठरते, आणि दगड त्याच प्रतलात राहतो. म्हणूनच सरळ धारेवर दगड टाचेपाशी असो वा मध्यावर, कोन बदलत नाही. टोकाकडे जिथे पाते वळते तिथे मात्र धारेची स्पर्शरेषा बदलते, तिचे खांबापासूनचे लंब अंतर बदलते आणि कोनही बदलतो. टोकाशी उतार रुंद किंवा अरुंद येतो तो यामुळे. तो प्ले नव्हे. स्क्रू कितीही आवळले तरी तो जाणार नाही, सुरी क्लॅम्पमध्ये पुढेमागे सरकवूनच तो कमी करता येतो.

हे लक्षात घेतले की प्रत्येक जागच्या ढिलाईची कोनातली किंमत काढता येते. बॉलच्या ठिकाणी सळई उभ्या दिशेत एक मिमी हलली, तर कोन सुमारे ०.३२ अंशांनी बदलतो. खांब पुढे-मागे झुकून बॉल आडव्या दिशेत एक मिमी सरकला, तर बदल ०.१ अंशाचा. दोन दगडांच्या जाडीत एक मिमी फरक असेल तर ०.३४ अंश. संपूर्ण जिग टेबलावर सरकत असेल तर कोनावर काहीच परिणाम नाही, कारण धार आणि बॉल दोन्ही एकत्रच सरकतात.

क्लॅम्पच्या दोन हालचाली मात्र वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. पहिली हालचाल म्हणजे क्लॅम्प आपल्या उलटण्याच्या अक्षाभोवती डोलणे, ज्यात सुरीची टाच वर आणि टोक खाली जाते किंवा उलट. ही हालचाल हाताला चटकन लागते, कारण लांब पात्याच्या टोकाशी ती दोन-तीन मिमी दिसते. पण धारेची रेषा अक्षाला छेदत असेल आणि बॉल अक्षाच्या बरोबर वर असेल, तर एक अंश डोलण्याने धारेचा कोन अंशाच्या हजाराव्या भागांतच बदलतो. वळणाऱ्या टोकाशी तो थोडा अधिक, ०.०७ अंशापर्यंत जातो. दुसरी हालचाल म्हणजे दगडाच्या दाबाने पात्याने जबड्यांपाशी मान खाली घालणे. ही डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि आवाजही करत नाही. परंतु तिचा हिशेब थेट आहे. पाते जितके अंश झुकेल तितक्या अंशांनी कोन कमी होतो, आणि धार खाली गेल्यामुळे सळई थोडी अधिक उतरती होऊन त्यातला काही भाग परत मिळतो. जबड्याच्या ओठापासून, म्हणजे धारेकडच्या कडेपासून, धार ४० मिमी पुढे असताना झुकण्याचे साधारण तीन चतुर्थांश कोनात उतरते. म्हणजे एक अंश झुकणे हे बॉलमधल्या जवळपास अडीच मिमी प्लेच्या बरोबरीचे आहे. अडीच मिमी प्ले असलेला बॉल कुणीही भंगारात टाकेल, पण एक अंश झुकणारा क्लॅम्प वर्षानुवर्षे वापरात राहतो.

मोजणी

मोजणीसाठी विशेष काही लागले नाही. मॅग्नेटिक बेसवरचे डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे), एक स्प्रिंग काटा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पाने) आणि लोखंडी पाट एवढ्यावर काम झाले. जिग पाटावर शिकंज्याने आवळला, म्हणजे टेबलाची हालचाल वजा झाली. सुरी क्लॅम्पमध्ये नेहमीसारखी धरली, धारेच्या मध्याशी दोरी अडकवून स्प्रिंग काट्याने एक किलोचा ओढ खाली दिला आणि जबड्याच्या ओठापासून १० मिमीवर व ४० मिमीवर पाते किती खाली जाते ते वाचले. दोन वाचनांचा फरक घेतल्यामुळे पाते सरळ खाली उतरणे वेगळे काढता येते आणि नुसते झुकणे हाती लागते. एक किलो हा दाब जाड दगडाच्या वेळी सहज पडतो. बारीक दगडाला तो निम्म्याहून कमी असतो, किंवा असायला हवा.

पहिली वाचने ४० मिमीवर ०.६२ मिमी आणि १० मिमीवर ०.१६ मिमी अशी आली. ३० मिमी अंतरात ०.४६ मिमी, म्हणजे ०.८८ अंश झुकणे, आणि कोनात उतरणारा भाग ०.६८ अंश. बॉलमध्ये सळईची उभ्या दिशेतली एकूण मोकळीक ०.२५ मिमी निघाली, जिची कोनातली किंमत ०.०८ अंश. ज्या बॉलवर सगळा राग होता त्याचा वाटा क्लॅम्पच्या आठव्या हिश्श्याएवढा होता. उलटण्याच्या खाचेत क्लॅम्प दोन्हीकडे मिळून अंशभर डोलत होता. तो हाताला सर्वांत वाईट लागत होता, पण हिशेबात जवळपास शून्य होता.

आणखी एक वाचन सहज म्हणून घेतले आणि ते उपयोगी पडले. जाड दगडाची जाडी १०.२ मिमी आणि ३००० ग्रिटच्या दगडाची ९.४ मिमी होती. या ०.८ मिमीने दगड बदलताना कोन ०.२७ अंशांनी हलत होता. हाही प्ले नव्हे, पण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो जास्त होता.

जबडे

क्लॅम्प सुटा करून जबडे उजेडात धरले, तेव्हा झुकण्याचे कारण समोर आले. सुरीला ओरखडे पडू नयेत म्हणून दोन्ही जबड्यांना आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले होते. रबर मिमीभर जाड होते आणि दोन्हीकडे ओठाच्या कडेशी दाबून पातळ, चकचकीत झाले होते, तर आतल्या बाजूला त्यावरची मूळची खरखर जशीच्या तशी होती. म्हणजे पाते ओठाच्या कडेवर टेकून रबरात झुलत होते. रबर पकड घट्ट असल्याचा भास देते, कारण सुरी ओढून निघत नाही. पण घसरू न देणे आणि झुकू न देणे ही दोन कामे वेगळी आहेत, आणि रबर फक्त पहिले काम करते.

रबर सोलून, खालचा गोंद थिनरने पुसून, जबड्यांच्या आतल्या पृष्ठांवरचा टवके उडालेला पावडर कोटिंगचा थर काढला. त्यासाठी जाड काचेवर पाण्याचा ३२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून जबडे त्यावर आठच्या आकारात घासले, आणि सगळ्या पृष्ठावर सारखी करडी झळाळी येईपर्यंत ते चालू ठेवले. आधी मार्करने पृष्ठावर उभ्या-आडव्या रेघा मारून ठेवल्या की खड्डा कुठे आहे ते कळते. इथे स्क्रूच्या भोकाभोवती उंचवटा होता. ओरखड्यांसाठी कागदी टेपचा एकच थर पुरेसा आहे, आणि तो दर काही सुऱ्यांनंतर बदलावा.

एवढे करून पुन्हा वाचन घेतले तर झुकणे ०.८८ वरून ०.५२ अंशांवर आले. सुधारणा झाली होती, पण अपेक्षेपेक्षा कमी. खातरजमेसाठी सुरीऐवजी सहा मिमी जाडीची ग्राइंड केलेली समांतर पट्टी त्याच जबड्यांत धरली, तेव्हा वाचन ०.०८ अंशांपर्यंत उतरले. जबडे आणि त्यांचे स्क्रू ठीक होते, अडचण जबडे आणि सुरी यांच्या आकारांच्या जुळणीत होती.

सुरीचे पाते पाचरीच्या आकाराचे असते. आपल्या नमुन्यात पाठीशी अडीच मिमी आणि ४८ मिमीवर ०.४ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये मिळून सुमारे अडीच अंशांचा उतार. असे पाते समांतर जबड्यांत धरले, तर जबडे फक्त आत पाठीच्या कडेला टेकतात आणि आठ मिमी खोलीच्या जबड्यात ओठापाशी दोन्हीकडे ०.१७ मिमी फट उरते. ०.१५ चे फीलर पान त्या फटीत अडकल्याशिवाय आत गेले. अशा क्लॅम्पला साधारणपणे दोन स्क्रू असतात. पुढचा आवळणारा आणि मागचा जबड्याचे शेपूट उचलून धरणारा. मागचा स्क्रू आत घेतला की फिरता जबडा तिरपा होऊन ओठ आधी टेकतो आणि जबडा पाचरीच्या उताराला जुळतो. या जिगवर तो स्क्रू कारखान्यातून आला तसाच होता, त्याच्या ॲलन की बसण्याच्या खाचेत दगडाचा गाळ सुकून बसला होता. सोबत आलेल्या चिठ्ठीत त्याचा उल्लेखही नव्हता.

जुळवण्याची रीत अशी ठेवली: पुढचा स्क्रू नुसता हाताने टेकवायचा, मागचा स्क्रू ओठ पात्याला लागेपर्यंत आत घ्यायचा, ०.०५ चे फीलर पान ओठाशीही आणि तळाशीही जात नाही याची खात्री करायची, आणि मगच पुढचा स्क्रू आवळायचा. सुरी बदलली की पुन्हा जुळवायचे. अनुभवाने हे अर्ध्या मिनिटाचे काम होते. आता झुकणे ०.१९ अंशांवर आले, आणि कोनातला भाग ०.१५ अंशांवर. यातला बराचसा भाग पात्याच्या स्वतःच्या लवचीकपणाचा आहे, त्यावर जिगच्या बाजूने इलाज नाही. दाब कमी ठेवणे एवढाच उपाय.

प्ले गेल्यावर दिसलेली तिरकस बसण

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण जबडे जुळवल्यानंतर दोन बाजूंच्या उतारांतला फरक कमी होण्याऐवजी वाढला आणि शिवाय ठाम झाला. पूर्वी एका सुरीला थोडा, दुसरीला जास्त असा तो हेलकावत असे. आता तो दर वेळी त्याच बाजूला आणि तेवढाच येऊ लागला.  म्हणून डिजिटल अँगल गेजने, पाते उलटवून, दोन्ही वेळा दगडाचा कोन मोजला. पात्याच्या मध्यप्रतलाच्या (दोन्ही पृष्ठांच्या बरोबर मधल्या प्रतलाच्या) हिशेबाने दोन बाजूंत दोन अंशांच्या थोडासा आत फरक होता.

कारण क्लॅम्पच्या रचनेतच आहे. दोन जबड्यांपैकी एक अक्षाशी घट्ट आहे आणि दुसराच फिरतो. पाचरीच्या आकाराचे पाते घट्ट जबड्यावर सपाट बसले, की त्याचे ते पृष्ठ अक्षाशी समांतर होते, आणि मध्यप्रतल पाचरीच्या निम्म्या उताराने, म्हणजे सव्वा अंशाने, कलते. क्लॅम्प उलटवल्यावर हाच कल उलट दिशेने मोजला जातो. एका बाजूला कोन जवळपास एक अंशाने कमी, दुसऱ्या बाजूला तितकाच जास्त. सैल जबड्यांत पाते मध्ये तरंगत असल्याने दाबाप्रमाणे हा कल कधी दिसे, कधी दबे. म्हणजे दुसऱ्या तक्रारीतला फरक मुळात प्लेचा नव्हताच. प्लेने तो अनियमित केला होता एवढेच, आणि त्यामुळेच त्याचे निदान होत नव्हते. माझ्या मते या जातीच्या जिगबाबत सर्वांत जास्त गैरसमज याच जागी होतात, कारण माणूस प्ले काढतो, परिणाम वाईट झालेला पाहतो आणि केलेले काम उलटे फिरवतो.

उपाय सोपा निघाला. घट्ट जबड्याच्या ओठाशी, पात्याच्या लांबीच्या दिशेने, ०.१५ मिमी जाडीची आणि तीन मिमी रुंदीची पितळी शिमची (फट भरायच्या पातळ पत्र्याची) पट्टी पातळ गोंदाने चिकटवली. आता पाते तळाशी जबड्यावर आणि ओठाशी शिमवर टेकते, मध्यप्रतल अक्षाशी जवळपास समांतर होते आणि फिरता जबडा समोरून उरलेला सगळा उतार स्वीकारतो. शिमची नेमकी गरज ०.१७ ची असल्याने थोडा कल उरतो आणि दोन बाजूंतला फरक ०.३ अंशांच्या आत राहतो. उताराच्या रुंदीत तो नजरेला दिसत नाही. कमी पाचर असलेल्या पात्यांसाठी, उदाहरणार्थ अरुंद ‘पेटी’ (petty) नावाच्या छोट्या सुरीसाठी, ही शिम जास्त होते. तेव्हा शिम कायमची न चिकटवता टेपने लावणे आणि दोन जाड्यांच्या पट्ट्या डबीत ठेवणे हे अधिक सोयीचे ठरले, आणि गृहस्थांनी पुढे तसेच केले.

बॉल, बुश आणि हात

बॉलचा वाटा लहान असला तरी ०.०८ अंश अगदी सोडून देण्याजोगा नव्हता, आणि टकटक कामात व्यत्यय आणत होती. भोक ८.२१ मिमीचे आणि सळई ७.९६ मिमीची होती. रॉड-एंड बेअरिंगचा विचार सोडून, बॉलचे भोक लेथवर मोठे करून त्यात गनमेटलचा बुश (भोकाच्या आतली नळी) दाबून बसवला आणि तो आठ मिमी एच-७ (भोकाच्या मापाची प्रमाणित मर्यादा) रिमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, साफ केला. जुनी सळई काढून रेषीय बेअरिंगसाठी मिळणारी कठीण केलेली व ग्राइंड केलेली आठ मिमीची सळई घेतली. थ्रीडी प्रिंटरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती कापून मिळते. एच-७ भोकाची वरची मर्यादा ८.०१५ मिमी आहे, आणि या सळया आठ मिमीला काही मायक्रॉन कमी असतात, त्यामुळे मोकळीक शतांश-दोन शतांश मिमीत बसते. सळई हाताने सरकते, सोडली की आपल्या वजनाने हळू उतरते. याहून घट्ट करण्यात अर्थ नाही, कारण घट्ट बुशमध्ये सळई अडखळत सरकते आणि ते अडखळणे धारेवर उमटते.

मऊ बुश निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दगडाचा गाळ बुशमध्ये शिरला की कण मऊ धातूत रुततात आणि मग बुश झिजण्याऐवजी कठीण सळईच झिजू लागते. लॅपिंगमध्ये, म्हणजे कणांनी घासून पृष्ठ नेमके करण्याच्या कामात, मऊ धातूचा लॅप मुद्दाम याच गुणासाठी वापरतात. इथे तोच गुण घातक आहे. म्हणून बुशच्या दगडाकडच्या तोंडाशी तेलात भिजवलेल्या नमद्याची चकती बसवली, आणि तेल सळईवर न ओतता त्या चकतीलाच द्यायचे ठरवले. तेलकट सळईला गाळ चिकटतो आणि चकतीच्या पलीकडे जातोच.

टकटकीचे खरे कारण मात्र मोकळीक नव्हती, मोकळीक बाजू बदलत होती हे होते. दगडाची मूठ धारेच्या पुढे, वापरणाऱ्याच्या बाजूला असते. मुठीवर दाब दिला की धार टेकू होते आणि सळईचे बॉलकडचे टोक वर उचलले जाते. दगड मागे नेताना हात सैल झाला की तेच टोक खाली पडते. प्रत्येक फेरीत सळई भोकाच्या छताला आणि तळाला आलटून पालटून लागते. जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचे आहे: स्क्रूमधला बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) काढता येत नसेल तर टेबल नेहमी एकाच दिशेने भिडवून घ्यायचे. तेच इथे केले. बॉलच्या मागे निघालेल्या सळईच्या शेपटावर शाफ्ट कॉलरने (सळईवर आवळायच्या कड्याने) पाव किलोचे वजन अडकवले, आणि बोटे मुठीवर न ठेवता दगडाच्या पाठीवर, धारेच्या बरोबर वर ठेवायची सवय लावली. सळई आता कायम तळाशी टेकून राहते. जुन्या सैल बॉलमध्येही एवढ्याने टकटक जवळपास बंद झाली होती, हे बुश बसवण्यापूर्वी करून पाहिले होते. ज्यांच्याजवळ लेथ नाही त्यांनी वजन आधी लावावे.

उरलेले

खांबावरची पकड एका अंगठा-स्क्रूवर होती आणि घासण्याच्या कंपनाने हळूहळू खाली येत होती. तिच्या खाली आणखी एक शाफ्ट कॉलर आवळला, म्हणजे पकड त्यावर टेकते आणि स्क्रूला फक्त फिरणे रोखायचे उरते. पातळ दगडाच्या धारकाखाली ०.८ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी लावून जाडीचा फरक काढला. दगड झिजतील तसा तो पुन्हा मोजावा लागेल. उलटण्याच्या खाचेतला डोलणारा प्ले तसाच ठेवला. तो काढायचा तर खाच आणि पिन दोन्ही नव्याने करावे लागले असते, आणि हिशेबात त्याचा उपयोग दिसत नव्हता. गृहस्थांना हे पटायला वेळ लागला. सगळ्यांत जास्त हलणारी गोष्टच दुरुस्त न करता जिग परत मिळाल्याची त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. खाचेत ग्रीस भरल्यावर डोलणे हाताला कमी लागू लागले आणि तो विषय मिटला.

अखेरची तपासणी मार्करने केली. दोन्ही उतार काळे करून ३००० ग्रिटच्या दगडाने हलक्या हाताने काही फेऱ्या मारल्या आणि भिंगातून पाहिले. शाई वरच्या कडेपासून धारेपर्यंत सारखी गेली होती. टोकाच्या वळणावर एका बाजूला वरच्या कडेशी काळी रेघ उरली, आणि ती सुरी क्लॅम्पमध्ये दहा मिमी टोकाकडे सरकवल्यावर गेली. मासे सोलण्याच्या लांब, लवचीक सुऱ्या मात्र या जिगवर अजूनही समाधानकारक होत नाहीत. एक किलोच्या ओढाला त्यांचे पाते स्वतःच तीन अंशांहून जास्त लवते. त्यांच्यासाठी पात्याखाली टेकू देणारी आडवी पट्टी करून पाहायची आहे. तोपर्यंत त्या सुऱ्यांना ते गृहस्थ पूर्वीसारखी हातानेच दगडावर धार लावतात.